लावणीची ओळ आणि कानातली गाणी



तरवा वीतभर वर आलाय. पाऊस असाच राहिला तर आठवड्याभरात आमच्याकडे लावणीला हात लागेल. खत-बियाण्याच्या नोंदी मागच्या वेळी दिल्या होत्या, त्या पुन्हा देत नाही. आजचा विषय वेगळा आहे, पण शेतातलाच आहे. काम करताना कानावर पडणारं गाणं.

वाडीत लावणीच्या माणसांचा मेळ घालायला बसलो होतो. कोणाकडे कोणत्या दिवशी किती माणसं जायची, फेड कशी करायची, नेहमीचंच. त्यात एका पोराने विचारलं, "काका, यंदा बांधावर स्पीकर लावूया का? काम फटाफट होईल." त्यावर एक काकी म्हणाली, "स्पीकर कशाला? आमी काय मुक्या हाव?" सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. पण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून जरा मागे जाऊन वाचलं, जुन्या माणसांना विचारलं. जे हाती लागलं ते इथे मांडतो. लांब झालंय, पण पाऊस पडतोय, तुम्हीही घरातच असाल.

आपल्याकडे कामाच्या गाण्याची लेखी नोंद चांगली नऊशे वर्षं जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला, साधारण ११२९ साली. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राजाला माहीत असावं असं सगळं त्यात आहे. राज्यकारभार आहे, स्वयंपाक आहे, हत्ती-घोडे आहेत, संगीतही आहे. त्या संगीताच्या भागात तो सांगतो, की महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात. एका राजाच्या ग्रंथात आपल्या बायकांचं उखळ-मुसळ आलं ते गाण्यामुळे. पुढे दीडशे-एक वर्षांनी, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहिलं ते ओवीतच. जनाबाईच्या जात्याला तर प्रत्यक्ष विठ्ठल हात लावायला येतो अशी कथा घराघरात आहे. म्हणजे मराठीतलं मोठं वाङ्मय आणि दळण-कांडणाचं गाणं यांचं नातं जवळचं आहे.

जात्याचं गाणं नीट समजून घ्यायचं तर त्याची रचना बघा. खुंट्याला हात, जातं फिरतंय, मधे मधे घास टाकायचा. ओवीची ओळ त्या फेऱ्यांवर बसते आणि घास टाकताना श्वास घ्यायला जागा मिळते. समोर दुसरी बाई असेल तर दोघींचा जोर एकाच वेळी लागावा लागतो. हे काम गाणं करतं. थकली तर ती ओवी सावकाश म्हणते, जातंही सावकाश फिरतं. ताल पूर्ण तिच्या हातात. आणि पहाटेच्या अंधारात जे सासरी बोलता येत नाही ते ओवीत म्हणता येतं. माहेर, भाऊ, जाच, लेकीचं दुःख, सगळं. बोललं तर भांडण, गायलं तर दळण.

हे सगळं पुसून जायचं, पण बरंचसं वाचलं. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्याहून काम करत १९८० च्या दशकापासून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर बायका आणि एक लाखावर ओव्या असा तो साठा आहे. आता तो 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया यांच्याकडे आहे आणि कोणालाही ऐकता येतो. त्यात रामा-विठ्ठलाच्या ओव्या आहेत तशा बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही भरपूर आहेत. म्हणजे हे गाणं जुनंच्या जुनं राहिलेलं नव्हतं. बायका आपल्या काळाचं नवं त्यात घालत होत्या.

आता आपल्या लावणीकडे येऊ. लावणीची ओळ ही एक यंत्रणा असते. आठ-दहा माणसं वाकून मागे मागे सरकतात. एक पुढे गेली, एक मागे राहिली की ओळ वाकडी होते, मधे भगदाड पडतं, नाहीतर घाईत चार-पाच काड्यांचा झुबका खोचला जातो. आमच्या वाडीत एकजण गाणं धरते आणि बाकीच्या झील ओढतात. सकाळी देवाची, गणपतीची, गावदेवीची. दुपारी कंबर मोडायला आली की थट्टेची, मुंबईला गेलेल्या नवऱ्यांना चिमटे काढणारी. शेवटच्या कोपऱ्याला जरा जलद चालीची. गाणं धरणारी बाई ओळीकडे बघत असते. एखादी म्हातारी ओळीत असेल तर ती चाल आपोआप सैल करते. मुकादम ओरडून जे साधत नाही ते ती गाण्यातून साधते, आणि कोणाचा अपमानही होत नाही.

घाटावर हेच काम मोटेची गाणी करायची. मोट ओढणारा बैल मागे येताना आणि पुढे जाताना चाल बदलतो, त्यावर गाण्याची लांबी ठरलेली. कापणी-मळणीला भलरी. आपल्या किनाऱ्यावर होडी ओढताना, रापणीचं जाळं खेचताना एकाने आरोळी द्यायची आणि सगळ्यांनी त्या ठोक्याला जोर लावायचा. तिथे ठोका चुकला तर काम अडतंच. दोरीला सगळ्यांचा जोर एकदम नाही लागला तर ती हलत नाही.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आपण उगाच गोडगोड बोलत राहू. शेतात गाणं होतं म्हणजे शेतात सुख होतं असा अर्थ नाही. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. कुळाने खोताला धान्यातला हिस्सा द्यायचा आणि वर त्याच्या शेतात वेठही करायची. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. तोपर्यंत लावणीच्या ओळी खोताच्या मळ्यातही वाकलेल्या असणारच. गाण्याने कष्ट कमी होत नव्हते, ते सोसवत होते. जात्याचंही तसंच. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेची ओवी थांबली, पण त्यानंतर एकाही बाईने गिरणी बंद करा अशी मागणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. माझी आजी ओव्या सुंदर म्हणायची आणि जात्याचं नाव काढलं की हाताचे घट्टे दाखवायची. गाणं गेलं आणि कष्ट गेले, या दोन्ही गोष्टी एकाच दारातून बाहेर पडल्या.

मग आपली माणसं मुंबईला गिरण्यांत गेली. राजापूर, लांजा, संगमेश्वर, घराघरातला एक तरी पुरुष गिरणगावात. सूतखात्यात आणि मागखात्यात गाणं शक्यच नव्हतं, शेजारच्याशी बोलायचं तरी खुणेने. तिथे ताल यंत्राचा, मालकाचा. मग गाणं कामातून निघालं आणि कामानंतरच्या वेळेत जाऊन बसलं. चाळीतलं भजन, नमन-खेळे, शक्ती-तुरा. परळच्या दामोदर नाट्यगृहात आपल्याकडच्या नमनाचे प्रयोग व्हायचे, त्याचं मूळ या वाटेवर आहे. हाताला ताल देणारं गाणं तिथे करमणूक झालं.

नेमकं याच प्रश्नावर सातासमुद्रापार सरकारने डोकं लावलं होतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कारखान्यांत दारूगोळ्याचं काम दिवसरात्र चालू होतं. माणसं कंटाळायची, पाळीच्या मध्यावर हात मंदावायचे. २३ जून १९४० पासून बीबीसीने एक कार्यक्रम सुरू केला, त्याचं नावच 'काम करताना संगीत' अशा अर्थाचं होतं. रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास, कारखान्यातल्या भोंग्यांवरून. त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. चाल एकसारखी हवी, फार संथ नको, कारण माणूस पेंगतो. आवाजाचा चढ-उतार फार नको, कारण यंत्रांच्या गोंगाटात हळू भाग ऐकूच येत नाही. एका लोकप्रिय गाण्याला तर बंदीच घातली, कारण त्यात मधे टाळ्या होत्या आणि कामगार हातातलं काम सोडून टाळ्या वाजवायचे, नाहीतर हत्यारं ठोकायचे. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला.

शेतकरी म्हणून मला यात एक गोष्ट दिसते. जात्यावर हात गाण्याला चालवत होता. कारखान्यात गाण्याने हाताला चालवायचं ठरवलं, आणि कोणतं गाणं लावायचं ते ठरवणारा माणूस कामावर नव्हताच. हेतू वाईट नव्हता, कामगारांनाही ते आवडायचं. पण एखादी थकली तर लाऊडस्पीकर तिच्यासाठी सैल होणार नव्हता.

आपल्या भागात रेडिओ आला तो वेगळ्या कामाला. मुंबईला नभोवाणी १९२७ साली सुरू झाली, पुणे केंद्र १९५३ साली. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेमाची गाणी पसंत नव्हती. आकाशवाणीवर ती आटली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याने काटा फिरवून आपलं म्हणणं दिल्लीपर्यंत पोचवलं असं म्हणायला हरकत नाही. त्याच सुमारास, १९५६ साली, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. दीडशेच्या आसपास गावांत मंडळं नेमली, माणसांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि आपले प्रश्न उलट केंद्राला कळवायचे. आज आपण मोबाईलवरच्या ग्रुपात जे करतो त्याचा हा आजोबा.

पण हा रेडिओ घरातला, चावडीवरचा. तो शेतात आला ट्रान्झिस्टरमुळे. अमेरिकेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, १९५४ साली त्यावरचा खिशात मावणारा रेडिओ विकायला आला. आपल्याकडे तो सत्तरच्या दशकात खऱ्या अर्थाने रुळला. पोस्टात पैसे भरून रेडिओचं लायसन्स काढावं लागायचं, ते आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र आलं आणि आपल्या बोलीचे, आपल्या गावांची नावं घेणारे आवाज घुमायला लागले.

याच काळात आणि त्यानंतर आपली शेती बदलली. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कातळावर, वरकस रानात हापूस आणि काजू चढले. नाचणी-वरी मागे पडली. यातला गाण्याशी संबंध असा, की भातशेतीचं काम ओळीचं आणि बागेचं काम एकट्याचं. कलम बांधणारा एकटा बसतो. फवारणीला दोघे, राखणीला एक. तिथे झील कोण धरणार? तिथे ट्रान्झिस्टरच सोबतीला. राखणीच्या माचावर रात्रभर जो रेडिओ वाजतो त्याने एक काम मोटेच्या गाण्यापेक्षा चांगलं केलं. त्याने एकट्या माणसाला माणसांत ठेवलं. शिवाय वानर-डुकरांना कळतं की कोणीतरी जागं आहे. आणि हवामानाचा अंदाज, वादळाची सूचना ही तर जीव वाचवणारी गोष्ट, आपल्या खारवी-दालदी भावांना विचारा. आज बागांत नेपाळहून आलेले गडी असतात. संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवर त्यांच्या भाषेतली गाणी लागतात. हजार कोसांवरून आलेल्या माणसाला ते गाणं म्हणजे घर असतं. त्यावर कोणी नाक मुरडू नये.

तेव्हा रेडिओने गाणं मारलं हा आरोप मला पटत नाही. गाणं गेलं ते ओळ गेल्यामुळे. माणसं मुंबईला गेली, सावडीची जागा रोजंदारीने आणि उक्त्या कामाने घेतली, पॉवर टिलरने बैलाला रजा दिली. चारसूत्री लावणीत दोरी आली. पीक चांगलं येतं, मी करतो, तुम्हीही करा. पण दोरी सरकवताना ओळ थांबते आणि गाणंही तिथे तुटतं. आमच्याकडच्या बायकांनी त्यावर उपाय काढलाय. दोरी उचलली की एक कडवं संपलेलं असलं पाहिजे. गाणं नव्या हत्याराला जुळवून घेतं, फक्त गाणारी माणसं शेतात हवीत.

खरी काळजी पुढची आहे. २०१६ नंतर मोबाईलचं नेट स्वस्त झालं आणि प्रत्येकाच्या कानात स्वतःचं गाणं आलं. एका ओळीत आठ माणसं आणि आठ वेगळे ताल. शेजारणीने "साप!" म्हणून ओरडलं तर ऐकू येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे ग्रासकटर. पावसाळ्यात बागेची बेणणी आता यंत्राने होते आणि पोरं कानात बटणं घालून वर मोबाईल फुल आवाजात लावतात. याचं गणित समजून घ्या. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. पेट्रोलच्या ग्रासकटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी बहुतेकदा ९५ च्या पुढे असतो. त्यावर मात करेल इतकं मोठं गाणं कानात लावायचं म्हणजे कानाला दुप्पट मार. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यांना कसलं खत नाही. शिवाय पात्याला दगड लागल्याचा, इंजिन ओढत असल्याचा आवाज कळत नाही. मागून माणूस आला तरी कळत नाही.

म्हणून आमच्या वाडीपुरतं यंदा असं ठरवलंय.

ग्रासकटर चालवताना गाणं बंद. कानाला आवाज अडवणारे मफ लावायचे, डोळ्यांना चष्मा. मफ कृषी अवजारांच्या दुकानात मिळतात.

कलम बांधताना, काजू सोलताना, आंब्याची पेटी भरताना रेडिओ, मोबाईल काय हवं ते लावा, पण कानात नको, बाजूला ठेवून. सगळ्यांना ऐकू येऊ दे.

लावणीला स्पीकर दुपारच्या जेवणाच्या वेळी. ओळ चालू असताना ताल ओळीतल्या माणसांचा. पोराचं म्हणणंही राहिलं, काकीचंही.

आणि शेवटचं. आमच्या वाडीत गाणं धरू शकणाऱ्या आता तीनच बायका उरल्यात, तिघीही साठीच्या पुढच्या. ज्या मोबाईलने ओळ फोडली त्याच मोबाईलमध्ये रेकॉर्डिंगचं बटण आहे. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच, रेकॉर्ड करायचं. घरात खुर्चीवर बसवून नको, शेतात, काम चालू असताना. चिखलाचा, पावसाचा आवाज आला तर येऊ दे, कारण चाल त्यावरच बसलेली असते. सोबत लिहून ठेवायचं: गाणारीचं नाव, तिचं माहेर, कोणतं काम, दिवसाची कोणती वेळ. माहेर लिहिणं फार महत्त्वाचं, कारण गाणी बायकांबरोबर लग्न होऊन गावोगाव फिरलेली असतात. एकच गाणं राजापुरात आणि लांज्यात कसं बदललं ते त्यावरूनच कळेल.

तुमच्याकडे लावणीला, कापणीला, रापणीला कोणती गाणी होती, कोण धरायचं, ते जरूर कळवा. कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे. शिवारफेरीत वाणाचं नाव लिहिता, रोपांमधलं अंतर मोजता, त्याच वहीत एक ओळ त्या शेतात काय गायलं जातं याचीही लिहा.

आमचा तरवा गुरुवारी काढायला घेतोय. पाऊस किती झाला आणि फुटवे कसे आले त्याची नोंद पुढच्या वेळी.